सॉस राहू दे बाजूला, आधी कणीक बघा: उत्तर चीनचे नूडल्स सोप्या भाषेत

उत्तर चीनमधल्या शियान शहरात कामासाठी तीन महिने राहिले होते तेव्हा माझ्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत एक सहा टेबलांचं छोटं हॉटेल होतं. दाराला जाड पारदर्शक प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, तिकडे थंडीत सगळीकडे असतो तसा, आत भिंतीभर मेनू आणि त्यातलं एकही अक्षर मला वाचता येईना. पण किचनला काच होती. काचेच्या पलीकडे मालक कणकेची एक पट्टी दोन्ही टोकांना धरून ओट्यावर आपटत होता, आपटली की ती लांब व्हायची, परत वर, परत आपट, परत लांब, तीन-चार आपटीत ती त्याच्या पसरलेल्या दोन हातांएवढी झाली आणि तुटली नाही. मी पडद्यापाशीच उभी राहिले, कारण असे हात मी आधी पाहिले होते. जळगावला माझी आजी खापरावरचे मांडे करायची, पुरण भरलेला उंडा या हातावरून त्या हातावर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत येईल एवढा मोठा करायची आणि पालथ्या खापरावर टाकायची, तोही फाटायचा नाही.

पुढचे तीन महिने मी त्या हॉटेलात आठवड्यातून तीन-चारदा तरी जेवले, सुट्टीत लान्चौला जाऊन आले, आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की उत्तर चीनच्या नूडल्सकडे आपण उलट्या बाजूने बघतो. आपण आधी विचारतो सॉस कुठला, तिखट आहे का, वर काय घातलंय. तिकडचा माणूस आधी बघतो कणीक कशी आहे. ते एकदा कळलं की मेनूवरची पंधरा-वीस नावं आपोआप सुटी होतात, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट नावाची. नूडल्सला चिनी भाषेत म्येन म्हणतात हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण म्येन म्हणजे मुळात गव्हाचं पीठ. तोच शब्द पिठाला आणि तोच नूडल्सला. तांदळाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या स्टार्चच्या शेवया असल्या तर त्यांना फेन म्हणतात, म्येन नाही. म्हणजे नावातच सांगून टाकलंय की हा गव्हाचा पदार्थ आहे. आणि हे उत्तरेत का, तर चीनच्या मधोमध छिनलिंग डोंगररांग आणि ह्वाय नदी यांची मिळून एक आडवी रेघ धरतात, तिच्या खाली पाऊस जास्त, भातशेती, ताटात भात. वर कोरडं, थंड, तिथे गहू. शियान त्या रेघेच्या अगदी जवळ पण उत्तरेला आहे, वेई नदीच्या सपाट खोऱ्यात, नि चहूकडे गव्हाची शेतं.

आपल्या गाडीवरच्या हाक्का नूडल्सचा इथे संबंध नाही हेही सांगून टाकते, कारण मला प्रत्येक जण तेच विचारतो. हाक्का लोक दक्षिणेकडचे, त्यांच्यातली बरीच कुटुंबं कोलकात्यात येऊन स्थायिक झाली आणि तिथून ते नाव आपल्याकडे पसरलं. आणि मंचुरियनचं नाव मंचुरियावरून म्हणजे चीनच्या पार ईशान्येकडच्या भागावरून असलं तरी पदार्थ जन्मला आपल्या मुंबईत, १९७० च्या दशकात. मला दोन्ही आवडतात, पण ती आपली चव आहे, भारतात घडलेली.

गहू चीनचा मूळचा नाही बरं का. तो पश्चिम आशियाकडून आला, साधारण ४,००० वर्षांपूर्वीच्या आसपास. त्याच्या आधी उत्तर चीन राळ्यावर जगत होता, हो, आपला राळा, तोच. आणि गहू आल्यावरसुद्धा सुरुवातीला लोक तो दाण्यासारखाच शिजवून खायचे, पीठ करून खायची सवय पसरली ती हान राजवटीच्या काळात, म्हणजे साधारण २,००० वर्षांपूर्वी, फिरत्या दगडी जात्यांबरोबर. सहाव्या शतकातल्या एका चिनी शेतीविषयक ग्रंथात कणकेच्या वळ्या पाण्यात ठेवून हाताने ओढून पातळ करायची कृती आहे. १,५०० वर्षं झाली त्याला.

आणि पिवळ्या नदीच्या वरच्या अंगाला छिंगहाय प्रांतात लाज्या नावाची एक जागा आहे, तिथे भूकंप आणि पुरात गाडलं गेलेलं एक गाव उकरताना मातीचा एक पालथा पडलेला वाडगा सापडला, त्याखाली पिवळसर बारीक लांब नूडल्स, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचे. २००५ मध्ये ही बातमी जगभर गेली. संशोधकांनी सांगितलं की ते राळ्यासारख्या भरड धान्यांचे होते. आणि लगेच वाद सुरू झाला, कारण राळ्याचं पीठ ओढलं तर तुटतं. ज्यांनी बाजरीची भाकरी थापली आहे त्यांना हा वाद एका सेकंदात कळेल. भाकरी थापावी लागते, लाटता येत नाही, आणि ओढायचा तर प्रश्नच नाही. पोळी लाटता येते. का? ग्लूटेन.

ग्लूटेन म्हणजे नेमकं काय हे मला कॉलेजात शिकवलं होतं पण कळलं ते त्या काचेपाशी. गव्हाच्या पिठात दोन प्रकारची प्रोटीनं असतात, ग्लायडिन आणि ग्लुटेनिन. पाणी लागलं आणि मळलं की ती एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं. ग्लायडिनमुळे कणीक ताणली जाते, ग्लुटेनिनमुळे ती परत मागे येते. दोघांची ओढाताण चालू असते. तुम्ही कणीक भिजवून लगेच पोळी लाटायला घ्या, लाटता लाटताच ती आक्रसते ना, ते ग्लुटेनिनचं काम. तीच कणीक अर्धा तास झाकून ठेवा, मग मुकाट्याने पसरते, कारण तेवढ्या वेळात ताणलेलं जाळं सैल पडतं. पुरणपोळीची कणीक आपण सैल भिजवून, तेल लावून, तिंबून मग तास-दोन तास का ठेवतो त्याचं कारण हेच. आणि मांड्यांसाठी आजी गव्हाचं पीठ कापडातून गाळून घ्यायची, वस्त्रगाळ, कारण कोंड्याचे बारीक टोकदार तुकडे हे जाळं आतून कापत राहतात. तिला प्रोटीन हा शब्द माहीत नव्हता, पण कोंडा गेला पाहिजे हे पक्कं माहीत होतं.

आता हॉटेलकडे येऊ. तो मालक जे आपटत होता ते ब्यांग ब्यांग म्येन. शियानची खासियत. नाव कुठून आलं तर बहुतेक लोक सांगतात की पट्टी ओट्यावर आपटल्याचा आवाज, ब्यांग, ब्यांग. या ब्यांगचं चिनी अक्षर पन्नासपेक्षा जास्त रेघांचं आहे, त्यात घोडा आहे, चंद्र आहे, हृदय आहे, चालण्याची खूण आहे, बहुतेक शब्दकोशांत ते नाहीच, आणि कॉम्प्युटरच्या युनिकोडमध्ये ते २०२० साली आलं, तोपर्यंत हॉटेलवाले पाटीवर ते रंगवून घ्यायचे. शियानच्या भागात एक जुनी म्हण आहे, तिथल्या आठ अजब गोष्टींची, त्यातली एक म्हणजे इथले नूडल्स पट्ट्याएवढे रुंद, कमरेच्या पट्ट्याएवढे. दुसरी म्हणजे तेलात फुलवलेलं तिखट ही इथे स्वतंत्र भाजी. तिसरी म्हणजे वाडगा कुठला नि परात कुठली हे ओळखू येत नाही. तिन्ही खऱ्या आहेत, मी मोजून बघितलं, माझ्या वाडग्यात एकूण पाच नूडल्स होते आणि मला ते संपवायला अर्धा तास लागला.

ते करतात कसं ते जवळून सांगते. कणीक मैद्याची, घट्ट, पाण्यात मीठ. मीठ चवीपेक्षा त्या जाळ्यासाठी, मिठाने ते घट्ट बांधलं जातं. मळून झाकून ठेवायची, परत मळायची, मग बोटभर जाडीच्या लांबट वळ्या करून त्यांना चांगलं तेल लावून ताटात एकाला एक चिकटून ठेवायच्या, तास-दोन तास. ऑर्डर आली की एक वळी घ्यायची, लाटण्याने जरा चपटी करायची आणि लाटणं लांबीच्या बाजूने मधोमध दाबून एक खाच पाडायची. मग दोन्ही टोकं धरून ओढत ओढत आपटायचं. आपटण्याचं कारण असं की नुसतं हवेत ओढलं तर पट्टी टोकापाशी जाड आणि मध्ये पातळ होते, आपटल्यावर मधला भाग ओट्याला टेकतो आणि ताण सगळीकडे सारखा वाटला जातो. शेवटी त्या खाचेतून बोट घालून पट्टी उभी फाडायची, टोकं तशीच जोडलेली ठेवायची, म्हणजे एका पट्टीची मोठी रिंग होते, आणि ती सरळ उकळत्या पाण्यात. दीड-दोन मिनिटं. कडा पातळ, मधला भाग जाड, त्यामुळे एकाच घासात मऊही लागतं आणि चावायलाही लागतं. या चावायला लागण्याला उत्तरेत खास शब्द आहे, जिनदाओ. दाताखाली दबतं पण मग ढकलतं, तसं. नूडल्स चांगले आहेत का विचारलं तर उत्तरेचा माणूस तिखट-मिठाबद्दल बोलायच्या आधी जिनदाओ आहेत म्हणून सांगेल.

आणि मग ते तेल. यौ पो म्येन म्हणजे तेल ओतलेले नूडल्स. वाडग्यात नूडल्स, बाजूला थोडी उकडलेली पालेभाजी आणि मोड, तळाशी सोया सॉस आणि काळं व्हिनेगर, वर मधोमध लाल तिखटाचा छोटा ढीग, त्यावर ठेचलेला लसूण, पातीचा कांदा. मालकीणबाई छोट्या लोखंडी पळीत तेल धूर निघेपर्यंत तापवायच्या आणि त्या ढिगावर ओतायच्या. चर्रर्र. मला तर डोळे मिटले की आमच्याच स्वयंपाकघरात आहे असं वाटायचं. ही फोडणीच आहे, फक्त उलटी. आपण तेलात तिखट टाकतो आणि एक सेकंद उशीर झाला की ते काळं पडतं, सगळ्या घराला खोकला. ते तिखटावर तेल टाकतात. तापलेलं तेल गार तिखट-लसणावर पडताच त्याची धग एकदम खाली येते, म्हणून तिखट फुलतं पण जळत नाही, रंग लालभडक राहतो आणि लसूण अर्धाकच्चा, नाकात जाणारा. त्यांची मिरची छिन मिरची म्हणून ओळखली जाते, बारीक, लांब, लाल आणि तिखटपणापेक्षा वास जास्त, आपल्या ब्याडगीच्या स्वभावाची. गंमत म्हणजे मिरची त्यांच्याकडेही आपल्यासारखीच समुद्रामार्गे अमेरिकेकडून आलेली, सोळाव्या शतकाच्या आसपास. आणि दोघांनीही जणू पिढ्यान्‌पिढ्या घरचीच असल्यासारखी आपली केली.

एक सूचना, वाडगा समोर आला की लगेच खालून वर असं नीट कालवा, थांबू नका. फोटो काढत बसलात तर पट्ट्या एकमेकींना चिकटून बसतात आणि सगळं तळाशीच राहतं. मालकीणबाईंनी पहिल्या दिवशी माझ्या हातातल्या काड्या घेऊन स्वतःच कालवून दिलं होतं, न बोलता, जसं आपल्याकडे आत्या पानात वरण-भात कालवून देते तसं.

शियानहून पश्चिमेला ट्रेनने लान्चौला गेलं की पदार्थ बदलतो. तिथे ला म्येन, ला म्हणजे ओढणे. पूर्ण चीनभर लान्चौच्या नावाची छोटी हॉटेलं दिसतात, तुम्ही कुठल्याही शहरात गेलात तरी दिसेल. लान्चौच्या आजच्या बीफ नूडल्सचं श्रेय मा बाओझ नावाच्या हुई, म्हणजे चीनमधल्या एका मुस्लिम समाजातल्या, माणसाला देतात, १९१५ मध्ये त्याने खांद्यावर कावड घेऊन विकायला सुरुवात केली. तिथे त्याची एक कसोटी सगळ्यांना पाठ असते: एक स्वच्छ, दोन पांढरा, तीन लाल, चार हिरवं, पाच पिवळे. सूप स्वच्छ, मुळा पांढरा, तिखटाचं तेल लाल, कोथिंबीर आणि लसणाची पात हिरवी, नूडल्स पिवळे. आणि ते लोक हे सकाळी खातात, नाश्त्याला, आपण पोहे खातो तसे, सकाळी सातला रांग.

इथे कणीक वेगळी. ब्यांग ब्यांगमध्ये एक पट्टी एकदा ओढायची, ला म्येनमध्ये वळी ओढून दुमडायची, परत ओढायची, परत दुमडायची. प्रत्येक वेळी संख्या दुप्पट. एकाचे दोन, दोनाचे चार, असं सात वेळा केलं की १२८, आठ वेळा केलं की २५६ तार, आणि हे सगळं अर्ध्या मिनिटात, तुमच्या डोळ्यांसमोर. एवढं ताणायचं तर नुसतं मीठ पुरत नाही. तिथे पारंपरिकपणे कणकेत फंगह्वे घालतात, म्हणजे वाळवंटी भागातलं एक झुडूप जाळून केलेल्या राखेचा खार. आता बहुतेक हॉटेलांत त्याऐवजी तयार पावडर असते. खार म्हटल्यावर मला लगेच पापडखार आठवला, कारण आपल्याकडेही सज्जीखार अशाच वनस्पतींच्या राखेतून काढायचे आणि तो उडदाच्या पापडाच्या पिठात का घालतात तर पीठ बांधलं जावं म्हणून. खाराने गव्हाच्या पिठातलं जाळंही घट्ट आणि ताणायला सोपं होतं, आणि पिठातली काही रंगद्रव्यं खारामुळे पिवळी पडतात. म्हणून ते नूडल्स पिवळे असतात, अंडं नसतं त्यात.

लान्चौला ऑर्डर देताना फक्त नूडल्स म्हणून चालत नाही, जाडी सांगावी लागते. माओ शी म्हणजे केसासारखे बारीक, शी म्हणजे बारीक, एर शी त्याहून जरा जाड, ज्यौ ये म्हणजे चिनी लसूणपातीच्या पानासारखे चपटे, दा ख्वान म्हणजे रुंद पट्टा. पीठ तेच, सूप तेच, आणि तरीही चव वेगळी लागते, कारण बारीक तारांना सूप जास्त धरतं आणि रुंद पट्टीत कणीकच जास्त तोंडात येते. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा एर शी घ्या, माओ शी दोन मिनिटांत मऊ पडतात. आणि हे आधीच सांगते की ते सूप बैलाच्या किंवा गायीच्या मांसाचं असतं, वरचे तुकडे काढून ठेवले तरी सूप तेच राहतं. जे खात नाहीत त्यांनी तिथे गल्लत करू नका, लान्चौच्या हॉटेलात नुसते कालवलेले, सूप नसलेले प्रकार मिळतात का ते विचारा.

आता माझा सगळ्यात लाडका प्रकार, ल्यांगपी. शब्दशः गार कातडी, म्हणजे गार साल. नाव ऐकून कोणी घेणार नाही, पण मराठी माणसाने हे एकदा तरी खायलाच हवं, कारण ही आपली कुरडई आहे, वाळवायच्या आधीची. आपण गहू तीन दिवस भिजत घालतो, रोज पाणी बदलतो, वाटतो, पिळून चीक काढतो, चोथा बाजूला. चीक स्थिर झाला की वरचं पाणी ओतून देतो आणि तो मीठ-हिंग घालून शिजवतो. लहानपणी कुरडयांच्या दिवशी गरम चीक तूप-साखर घालून किंवा दूध घालून खाण्यासाठी आम्ही सगळी भावंडं पातेल्याभोवती बसायचो. शियानला काय करतात, कणीक मळून ठेवतात आणि मग ती पाण्यात धुतात, हो, धुतात, कपडा चोळतात तशी. पांढरं दुधासारखं पाणी सुटतं, तो स्टार्च म्हणजे चीक. हातात उरतो तो चिवट रबरासारखा गोळा म्हणजे निव्वळ ग्लूटेन. पाणी रात्रभर ठेवून वरचं ओतून देतात, खालचा दाट चीक तेल लावलेल्या सपाट ताटलीत पातळ पसरून वाफवतात, दोन-तीन मिनिटांत पारदर्शक साल तयार, ती अलगद काढून गार करून रुंद पट्ट्यांत कापतात.

आणि तो चिवट गोळा ते टाकत नाहीत. त्यालाही वाफवतात, तो फुगून स्पंजासारखा जाळीदार होतो, त्याचे चौकोनी तुकडे त्याच वाडग्यात घालतात. म्हणजे एकाच कणकेचे दोन भाग वेगळे केले आणि शेवटी ताटलीत परत एकत्र आणले, एक बुळबुळीत गार पट्टी आणि एक रस शोषून घेणारा स्पंज. वर लसणाचं पाणी, व्हिनेगर, तिखटाचं तेल, काकडीचा कीस, मोड. स्पंजाचा तुकडा चावला की आतलं आंबट-तिखट पाणी तोंडात सुटतं, थेट पाणीपुरी फुटल्यासारखं. आमच्याकडे कुरडईचा चोथा गुरांना जायचा, आणि मला आता प्रत्येक वेळी वाटतं की त्यात केवढं काय होतं! तांदळाची ल्यांगपीही मिळते, तीही छान, पण हा स्पंज हवा असेल तर गव्हाचीच मागा. शियानमध्ये ल्यांगपीबरोबर रौज्यामो म्हणजे भाजलेल्या पावात बारीक चिरलेलं मांस आणि संत्र्याचा थंडगार सोडा, अशी तिघांची जोडी ठरलेली आहे.

बाकीचे पटकन सांगते. शियानचा प्रांत शान्शी आणि शेजारचा प्रांतही शान्शी, फरक फक्त पहिल्या स्वराच्या चढ-उताराचा, आपल्याला ऐकू येत नाही, पण पदार्थ वेगळे. शेजारच्या शान्शीत दाओश्याओ म्येन, सुरीने छिललेले. कणीक इतकी घट्ट की गोळा हातावर उभा राहतो, आणि वाकड्या पात्याने त्याच्या कापा सरळ उकळत्या पाण्यात उडवतात, विळ्याने भोपळ्याच्या साली उडाव्यात तशा. मध्ये जाड, कडेला पातळ, निमुळते. आता बऱ्याच हॉटेलांत हे काम मशीन करतं, पण जमलं तर हाताने छिलणारा शोधा, कापा सारख्या नसतात त्यातच मजा आहे. आणि तिथलं जुनं मुरवलेलं काळं व्हिनेगर, ते प्रामुख्याने ज्वारीपासून करतात. आपण ज्वारीची भाकरी केली, त्यांनी आंबटपणा केला. टेबलावर त्याची किटली ठेवलेली असते आणि लोक सढळ हाताने ओततात, तुम्हीही ओता, रुंद नूडल्स आणि तेल असलं की ते लागतंच.

बीजिंगला झाज्यांग म्येन, परतलेल्या सॉसचे. सोयाबीनचा आंबवलेला खारट गडद लगदा मांसाच्या बारीक तुकड्यांबरोबर मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परततात, आणि तो कमीच घ्यायचा, नूडल्सवर चमचा-दोन चमचे, बाकी काकडी, मुळा, मोड, सोयाबीनचे दाणे असं सगळं कच्चं-उकडलेलं बाजूला वेगवेगळ्या वाट्यांत येतं आणि आपण कालवायचं. चीनच्या शानतुंग प्रांतातून कोरियाला गेलेल्या लोकांनी हाच पदार्थ तिकडे नेला आणि आज तो कोरियाचा घरोघरचा पदार्थ झालाय. मला स्वतःला हा थोडा खारट वाटतो. आणि शियानजवळच्या छिशानचे साओझ म्येन मात्र चुकवू नका, बारीक पातळ नूडल्स आणि आंबट-तिखट गरम रस्सा, त्याची परीक्षा लोक नऊ शब्दांत सांगतात: नूडल्स पातळ, चिवट, गुळगुळीत, रस्सा कडक गरम, पातळ, तर्रीदार, चव आंबट, तिखट, खमंग. तर्रीदार हा शब्द मी घातलाय, पण वाडगा बघितलात तर दुसरा शब्द सुचणार नाही.

शाकाहारी लोकांना पण बरंच खाता येतं, फक्त गृहीत धरू नका. यौ पो म्येन आणि ल्यांगपीत सहसा मांस नसतं. ब्यांग ब्यांग कित्येक ठिकाणी तीन गोष्टी एकत्र घालून येतात, टोमॅटो-अंडं, मांसाचे तुकडे आणि फुललेलं तिखट, तर मांस नको म्हणून सांगायचं, बू याओ रौ. अंडं चालत असेल तर टोमॅटो-अंड्याचे नूडल्स म्हणजे घरगुती, पोटाला शांत असं जेवण. पाटीवर छिंगझेन लिहिलं असेल तर ते हलाल, तिथे डुकराचं मांस नसतं, पण मेंढी आणि बैल असतात.

टेबलावर लसणाचे अख्खे गड्डे ठेवलेले दिसतील, ते शोभेला नाहीत. एक पाकळी सोला, नूडल्सचा घास, लसणाचा चावा, परत घास. तिकडे म्हण आहे की नूडल्सबरोबर लसूण नाही खाल्ला तर स्वाद निम्मा. जेवताना फुर्र आवाज झाला तरी कोणी बघत नाही. आणि शेवटी नूडल्स उकडलेलं गढूळ गरम पाणी वाडग्यात देतात, म्येन थांग, फुकट, प्यायला. ज्या पाण्यात शिजलं तेच पाणी ते पचवतं असं तिकडचे लोक मानतात. तिखट-तेल-व्हिनेगर सगळं झाल्यावर ते अळणी, जरा दाटसर पाणी घशाखाली उतरतं ना, कोकणातली मंडळी पेज का पितात ते मला तिथे पहिल्यांदा कळलं.

जळगावला परत आल्यावर मी घरी करून बघितले. ५०० ग्रॅम मैदा, २५० मिली पाण्याला थोडं कमी, एक चमचा मीठ. पहिल्या वेळेला गव्हाच्या नेहमीच्या कणकेचे केले, दोन हात ओढले की तुटायचे, कोंड्यामुळे. मैद्याचे करताना पहिल्यांदा अर्ध्या तासातच ओढायला घेतले, ते रबरासारखे परत मागे यायचे. आईने बघितलं आणि म्हणाली, अगं पुरणपोळीच्या कणकेला एवढा वेळ देतो आपण, ह्याला का नाही? मग वळ्यांना तेल चोपडून दोन तास झाकून ठेवल्या. आई स्वतः ओट्यापाशी आली, एक वळी घेतली, लाटण्याने खाच पाडली, आणि एका आपटीत, अगदी एका आपटीत, ती तिच्या हातभर लांब. मी करत होते तर माझी तिसऱ्या आपटीला तुटली होती. तिने पट्टी फाडून पाण्यात सोडली, मी तिखटावर तेल ओतलं, चर्रर्र झालं, खोकला कोणालाच आला नाही. आईने एक घास खाल्ला, चावला, परत चावला, आणि म्हणाली, कणीक झालीये बरोबर, लसूण अजून पाहिजे ह्याला.